कुबड खोटं होतं, डोळा खरा होता

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. म्हणूनच मुद्दाम रविवारी टाकतोय. चहा घेऊन बसा.

१९८७ साल. आमच्या गल्लीत टीव्ही दोनच, त्यातला एक शेजारच्या काकांकडे. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं की त्यांच्या ओसरीपर्यंत माणसं. मी आठ वर्षांचा, सगळ्यात पुढे जमिनीवर. मागे आजी. पडद्यावर मंथरा आली की आजी कडाकडा बोटं मोडायची. म्हणायची, “मेलीच्या डोळ्यातच खोट आहे.” कैकेयीवर तिचा एवढा राग नव्हता. तिला कुणीतरी भरीला घातलं, असं आजीचं मत. सगळा राग मंथरेवर, त्यातही तिच्या त्या डाव्या डोळ्यावर. आम्ही पोरं दुपारी सदऱ्याच्या आत उशी खुपसायचो, डावा डोळा बारीक करायचो आणि ‘मंथरा मंथरा’ खेळायचो.

पुढे पत्रकारितेचा डिप्लोमा करताना सिनेमावर एक टिपण लिहायचं होतं, तेव्हा कुठे समजलं. मंथरेचं कुबड मेकअपचं होतं. डोळा मात्र ललिता पवारांचा स्वतःचाच होता. तो तसा का झाला हे वाचलं त्या रात्री मला आमचा तो खेळ आठवत राहिला.

ललिता पवार आपल्या भागातल्या. जन्म १९१६, येवल्याचा. मूळ नाव अंबा, माहेर सगुण, वडील कापडाच्या व्यापारात. येवला म्हटलं की आपण पैठणी सांगतो, तात्या टोपे सांगतो, १९३५ ची बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणा सांगतो. ललिताबाईंचं नाव त्या यादीत आपसूक येत नाही. मी येवल्यापासून तासाभराच्या अंतरावर वाढलो आणि मलाही विशीपर्यंत माहीत नव्हतं.

बरेच जण समजतात की त्या जन्मल्या त्या सासू म्हणूनच. तसं नाही. मूकपटांच्या काळात त्या लहान वयात कॅमेऱ्यासमोर आल्या आणि पुढे नायिका झाल्या. १९३२ च्या ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता. पुढे त्याच दशकात टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून ‘दुनिया क्या है’ हा बोलपट त्यांनी काढला. विशीतली मुलगी, येवल्याच्या कापड व्यापाऱ्याच्या घरची, आणि टॉलस्टॉयवर सिनेमा काढते. जरा थांबून विचार करा.

मग १९४२. ‘जंग-ए-आझादी’ नावाच्या सिनेमाचं शूटिंग. प्रसंगात थप्पड होती आणि मारणार होते मास्टर भगवान, तेच आपले ‘अलबेला’वाले भगवानदादा. थप्पड खरीच बसली, आणि जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला. डाव्या डोळ्याची शीर फुटली. उपचार खूप लांबले. चेहरा बराचसा सावरला, डोळा कायमचा बारीक राहिला. तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या.

नायिका म्हणून खेळ तिथेच संपला. सिनेमाच्या धंद्यात नायिकेचा चेहरा म्हणजे दुकानाची पाटी. ती वाकडी झाली की दुकान बंद. बाईंनी दुकानच बदललं. १९४४ चा प्रभातचा ‘रामशास्त्री’ आठवून बघा. त्यातली आनंदीबाई ललिता पवारांची. ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई आपल्या मराठी मनात आधीपासून खलनायिकाच, आता तिला तो डोळाही मिळाला. १९५० साली शांतारामबापूंच्या ‘दहेज’मध्ये सासू. तिथून पुढे पंचवीस-तीस वर्षं हिंदी-मराठी सिनेमात सासूचा छळ दाखवायचा झाला की बोलावणं येवल्याच्या या बाईंना. सातशेच्या आसपास चित्रपट त्यांनी केले असं सांगितलं जातं.

इथपर्यंतची गोष्ट वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवणीत दर दोन-तीन वर्षांनी येते. शीर्षकही ठरलेलं: एका थपडेने आयुष्य बदललं. मीही तसंच लिहिलं असतं. पण मध्यंतरी ‘अनाडी’ पुन्हा पाहिला.

१९५९ चा ‘अनाडी’. त्यात ललिताबाई आहेत मिसेस डिसा. राज कपूरची घरमालकीण, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. तो उपाशी आहे हे तिला कळतं, पण त्याच्या स्वाभिमानाला धक्का लागू नये म्हणून ती नाना युक्त्या करून त्याला जेवू घालते. शेवटी विषारी औषधाने मरते. या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. आता गंमत अशी, की डोळा तोच आहे. आमच्या आजीने ज्या डोळ्यावर बोटं मोडली तोच. पण ‘अनाडी’त त्यातून नुसती माया पाझरते. ‘श्री ४२०’मधली केळीवाली गंगामाई बघा, ‘आनंद’मधली मेट्रन बघा. डोळा कुठे बदलला? खोट डोळ्यात नव्हतीच. ती लिहिणाऱ्याने भूमिकेत घातलेली होती आणि आपण ती डोळ्यात वाचत होतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटली. मिसेस डिसाचा डोळा असा का, हे मला त्या सिनेमात कुठेही सापडलं नाही. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही, ‘बिचारी’ म्हणत नाही. घरमालकीण आहे, तिचा एक डोळा बारीक आहे. मुद्दा संपला. भारतीय सिनेमाच्या इतिहासात हे किती वेळा घडलं असेल म्हणता? मी मोजायला बसलो तेव्हा हाताची बोटं पुरून उरली.

मोजायला बसलो ते असं.

ललिताबाईंच्याही आधी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये के. सी. डे होते. कृष्णचंद्र डे, मन्ना डे यांचे काका आणि गुरू. किशोरवयात दृष्टी गेलेली. तरी १९३० च्या दशकात ‘चंडीदास’, ‘पूरन भगत’, ‘विद्यापती’ अशा सिनेमांत ते पडद्यावर होते, लोक त्यांना बघायला जायचे. का? तर त्या काळात पडद्यावर गाणं असेल तर नटालाच गावं लागायचं. दुसऱ्याचा गळा उसना घेण्याची सोयच नव्हती. मग एवढा गाणारा माणूस अंध आहे म्हणून कोण सोडेल? १९३५ च्या ‘धूप छांव’पासून आपल्याकडे पार्श्वगायन आलं, आणि योग बघा, त्याही सिनेमात डे आहेत, अंध सूरदासाच्या भूमिकेत. त्यानंतर हळूहळू गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा हीच रीत झाली. अंध माणसाचा आवाज चालेल, चेहरा कशाला, असं म्हणायला वाट मोकळी झाली. कुणी कट केला असं नाही म्हणत मी. यंत्र आलं आणि एक दार लोटलं गेलं, एवढंच.

पुढे अंध, मूक, पांगळी पात्रं कमी झाली का? उलट वाढली. १९६४ चा ‘दोस्ती’ आठवतो ना? एक अंध, एक कुबड्या घेतलेला. सबंध देश रडला, सिनेमाला सहा फिल्मफेअर मिळाली. दोन्ही पोरं धडधाकट. १९७२ च्या ‘कोशिश’मध्ये संजीवकुमार आणि जया भादुरी मूकबधिर झाले, संजीवकुमारना राष्ट्रीय पुरस्कार. सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’मध्ये अंधशाळेचे मुख्याध्यापक झाले नसीरुद्दीन शाह, त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार. ‘स्पर्श’मधली शाळेतली मुलं मात्र खरोखर अंध होती. म्हणजे मागच्या बाकांवर अंध आणि टेबलाशी डोळस. आपल्याकडे १९९१ चा ‘चौकट राजा’. दिलीप प्रभावळकरांचा नंदू बघून आमच्या घरात पदर ओले झाले होते, माझेही डोळे ओले झाले होते.

गैरसमज नको. ही कामं उत्तमच होती. नसीरुद्दीन शाहांचं ‘स्पर्श’मधलं काम मी कधीही पुन्हा बघेन. नट म्हणजेच जो नाही तो होणारा माणूस. डोळसाने अंध व्हावं, त्याला माझी ना नाही. माझी तक्रार एवढीच, की हा रस्ता एकेरी आहे. धडधाकट माणूस लंगडा होऊ शकतो आणि त्यासाठी बक्षीस मिळवू शकतो. पण लंगडणाऱ्या माणसाला बँक मॅनेजर होता येत नाही, वकील होता येत नाही, कुणाचा साधा मेव्हणा होता येत नाही. त्याच्यासाठी भूमिका असलीच तर लंगड्याची. आणि तीही बहुतेक वेळा दुसऱ्याकडेच जाते.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत हॅरोल्ड रसेल नावाचा सैनिक होता. १९४४ मध्ये स्फोटकाच्या अपघातात दोन्ही हात गेले, जागी लोखंडी आकडे बसवले. विल्यम वायलर या दिग्दर्शकाने त्याला १९४६ च्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये घेतलं, युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या भूमिकेत. एकाच भूमिकेसाठी एकाच रात्री त्याला दोन ऑस्कर मिळाले, एक खास सन्मान आणि एक सहायक अभिनेत्याचा. असं पुन्हा कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. आणि मग? वायलरने त्याला सल्ला दिला, की कॉलेजात परत जा, हात नसलेल्या माणसाला सिनेमात फारशी कामं मिळणार नाहीत. रसेल गेला. पुढचा सिनेमा त्याने केला १९८० साली. मध्ये चौतीस वर्षं. १९९२ मध्ये त्याने त्यातला एक ऑस्कर लिलावात विकला, बायकोच्या आजारपणाचं कारण सांगून. दोन ऑस्करवाल्याची ही कथा, तर आपल्या तालुक्यातल्या पोराचं काय? त्या पोराकडे येतोच. आधी सुधा चंद्रन.

सुधा चंद्रन मुंबईत वाढल्या. भरतनाट्यम शिकल्या. १९८१ साली तमिळनाडूत त्रिचीजवळ बसला अपघात झाला, पायाची जखम नीट बघितली गेली नाही, गँगरीन झालं आणि उजवा पाय कापावा लागला. वय सोळाच्या आसपास. मग जयपूर फूट. हा पाय म्हणजे जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातले डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी घडवलेली वस्तू. आपल्या माणसाला मांडी घालून बसता यावं, उकिडवं बसता यावं, अनवाणी चालता यावं असा विचार करून रबरातून केलेली. त्या पायावर सुधा चंद्रन १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर नाचल्या. सिंगीतम श्रीनिवास राव यांनी त्यांच्यावर तेलुगूत ‘मयूरी’ काढला आणि दुसरी नटी न शोधता त्यांनाच घेतलं. राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये हिंदीत ‘नाचे मयूरी’ आला.

याच सिंगीतम रावांनी १९८९ साली कमल हासनना घेऊन ‘अपूर्व सगोदरर्गल’ केला. आपण तो हिंदीत ‘अप्पू राजा’ म्हणून पाहिला. सर्कशीतला बुटका अप्पू झाले कमल हासन, पाय दुमडून, खास बूट घालून. लोकांनी तोंडात बोटं घातली, मीही घातली. एकाच दिग्दर्शकाचे हे दोन सिनेमे, चार वर्षांच्या अंतराने. एकात जिचा पाय गेला तीच पडद्यावर, दुसऱ्यात उंच माणूस बुटका झालेला. एकाच दिग्दर्शकाला दोन्ही वाटा दिसत होत्या. त्यातली एक पुढे राजरस्ता झाली, दुसरीवर गवत उगवलं.

सुधा चंद्रन मात्र थांबल्या नाहीत. २००१ मध्ये ‘कहीं किसी रोज’ आली आणि रमोला सिकंद घराघरात पोहोचली. भल्यामोठ्या टिकल्या, जडजवाहीर, सुनेचा छळ. पुढे ‘नागिन’. बरीचशी ललिताबाईंसारखीच वाट: अपघात, नायिकेची भूमिका, आणि शेवटी खाष्ट बाई म्हणून खरी ओळख. फरक एवढा, की रमोलाचा पाय साडीखाली होता. प्रेक्षकाला दिसत नव्हता, म्हणून कथेत त्याचं कारण द्यावं लागलं नाही. ललिताबाईंचा डोळा झाकण्यासारखा नव्हता, तरी मिसेस डिसा झाली. १९५९ साली.

साडीखाली झाकलेला पाय विमानतळावर झाकला जात नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकून पंतप्रधानांना विनंती केली होती: सुरक्षा तपासणीत दर वेळी पाय काढून दाखवायला लावतात, आमच्यासारख्यांना एखादं कार्ड द्या. सीआयएसएफने माफी मागितली. चाळीस वर्षं त्या पायावर उभं राहून काम केल्यानंतरची ही गोष्ट.

आता आपल्या तालुक्यातल्या त्या मुलाची गोष्ट. नाव देत नाही. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायाला कॅलिपर, हातात कुबडी. आवाज असा, की माइकची गरज नाही. कॉलेजपासून नाटकवेडा. त्याला भूमिका कोणत्या मिळाल्या? शकुनी चार वेळा, कारण टीव्हीवर गुफी पेंटल लंगडायचे. भिकारी दोनदा. एकदा युद्धात पाय गमावलेला जवान. बाकी वेळा प्रॉम्प्टिंग आणि पडदा. २००६ च्या एका एकांकिका स्पर्धेत ऐनवेळी एक नट तापाने पडला आणि संवाद याला पाठ होते म्हणून याला उभं केलं. तालुक्याचं सभागृह ते. स्टेजला सात पायऱ्या, रॅम्प नाही, आजही नाही. दोघांनी उचलून वर नेला. बक्षीस घेतानाही उचलूनच नेला.

हो, बक्षीस मिळालं. उत्तेजनार्थ. बातमी मी लिहिली. शीर्षक: ‘अपंगत्वावर मात करत रंगमंच गाजवला’. मला वाटलं, चांगलं काम केलं आपण.

दुसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन ऑफिसात आला. चिडला नव्हता. बातमीवर बोट ठेवून म्हणाला, “सर, यात माझा पाय तीन वेळा आलाय. मी काम कशाचं केलं ते एकदाही नाही.”

मी खरोखर बातमी पुन्हा वाचली. नव्हतंच.

त्यानंतर त्याने फार नाटकं केली नाहीत. माझ्या बातमीमुळे असं म्हणून मी स्वतःला उगाच मोठं करत नाही. घर होतं, पोट होतं. आता तहसीलसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, सातबाऱ्याच्या रांगेतल्या माणसांना तो अजून नकला करून हसवतो.

मधल्या काळात बरंच बदललं म्हणतात. शब्द तर नक्कीच बदलले, अपंगचं दिव्यांग झालं. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि सार्वजनिक इमारती सुगम करायचं बंधन आलं (त्या सात पायऱ्यांना कुणीतरी हे कळवा). जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘आंख मिचोली’ सिनेमाच्या प्रकरणात पडद्यावर दिव्यांगांची टर कशी उडवू नये, त्यांचं चित्रण करताना त्यांनाच कसं सहभागी करून घ्यावं, याची चौकट घालून दिली. निकाल तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांचा. पडद्यावरही हालचाल दिसते. मराठीत महेश लिमये यांचा ‘यलो’ २०१४ मध्ये आला. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ, डाऊन सिंड्रोम असलेली, तिने स्वतःचीच भूमिका केली, राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. २०२५ च्या जूनमध्ये ‘सितारे जमीन पर’ आला, त्यात बौद्धिक वेगळेपण असलेले दहा कलाकार आमिर खानसमोर उभे राहिले आणि थिएटरमध्ये लोक त्यांच्या विनोदांवर हसले, त्यांना हसले नाहीत. मी सहकुटुंब पाहिला. मजा आली.

तरी घरी येताना हिशेब डोक्यात चालू होता. गौरी गौरी झाली. सुधा मयूरी झाल्या. ‘सितारे’मधल्या दहा जणांनी त्यांच्यासारख्याच दहा जणांची कामं केली. दार उघडलंय हे खरंच, आणि ते उघडायला नव्वद वर्षं लागली हेही खरं. पण पुढचा सिनेमा कोणता? त्या दहांपैकी एखाद्याला किराणा दुकानदाराची, चाळीच्या सेक्रेटरीची भूमिका कोण देणार? मिसेस डिसा कुठे आहे?

ही पोस्ट टाकण्याआधी मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याला वाचून दाखवली. कागद मशीनमध्ये सरकवत त्याने सगळी ऐकली. ललिता पवारांच्या भागाशी थांबवलं, म्हणाला, “बाईंना कुणी म्हणालं असेल का हो, मॅडम, तुमच्या डोळ्याला शोभेल असा एक रोल आहे?” मी म्हटलं, शंभर वेळा म्हणाले असतील. तो म्हणाला, “मग केळीवालीचा रोल घेऊन पहिल्यांदा जो गेला असेल, तो माणूस मला आवडला.” मग म्हणाला, नाव टाकू नका, पण ती बातमी दुरुस्त करा.

तर चूकदुरुस्ती. २००६ सालच्या एकांकिका स्पर्धेच्या माझ्या बातमीत उत्तेजनार्थ पारितोषिक मिळवणाऱ्या कलाकाराची भूमिका द्यायची राहून गेली होती. त्याची भूमिका वकिलाची होती. उलटतपासणीचा मोठा प्रसंग त्याच्याकडे होता. सुरुवातीला दोन वाक्यं घाईत गेली, मागच्या रांगांना ऐकू आली नाहीत. नंतर त्याने लय पकडली. साक्षीदार खोटं बोलतोय हे त्याला कळतं त्या क्षणी त्याने आवाज चढवायच्या ऐवजी एकदम खाली आणला, आणि सभागृहातले पंखे ऐकू यायला लागले.